वैद्यांची काशीयात्रा

सुश्रुतसंहितेचा पहिलाच अध्याय काशीच्या राजापाशी सुरू होतो. आश्रमात राहणाऱ्या काशिराज दिवोदास धन्वंतरींकडे औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित, सुश्रुत आदी शिष्य जातात, शल्यप्रधान आयुर्वेद शिकवावा अशी विनंती करतात आणि त्या गुरुशिष्यसंवादातून संहिता उभी राहते. चरकसंहितेच्या यज्जःपुरुषीय अध्यायात ऋषींच्या परिषदेपुढे पुरुष आणि व्याधी यांच्या उत्पत्तीचा प्रश्न ठेवणारा वामक हाही काशीचाच राजा. इतर यात्रेकरूंना काशी ही विश्वेश्वराची नगरी. आम्हां वैद्यांना ती त्याखेरीज गुरुगृहही आहे. तरीही व्यवसायात आयुष्य घालवलेल्या आमच्यापैकी बहुतेकांची काशी केवळ ग्रंथांतलीच राहिली होती.

ही उणीव भरून काढावी म्हणून आम्ही नऊ जण, सहा वैद्य आणि तीन फार्मसीचालक, कार्तिक महिन्यात काशीस जाऊन आलो. देवदर्शन झाले, गंगास्नान झाले. पण प्रस्तुत लेखाचा हेतू यात्रावर्णन हा नाही. या नगरीत आमच्या शास्त्राच्या ज्या खुणा दिसल्या, त्या सर्वांतून एकच सूत्र पुनःपुन्हा समोर येत गेले. ते सूत्र व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढीच इच्छा आहे.

अस्सीपासून राजघाटापर्यंत

वरुणा आणि अस्सी या दोन प्रवाहांच्या मधली ती वाराणसी, अशी नावाची प्रचलित व्युत्पत्ती आहे. यांपैकी अस्सीला आज नाल्याचे रूप आले आहे. हिमालयातून उतरून पूर्वेकडे जाणारी गंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. तिच्या पश्चिम तीरावर घाटांची सलग रांग आहे, आणि समोरचा तीर बहुतांशी वाळूचा व मोकळा. त्यामुळे सूर्योदयाचे पहिले किरण थेट घाटांवर पडतात. पहाटे अस्सी घाटावरून नाव करावी आणि प्रवाहाबरोबर राजघाटाकडे जावे, म्हणजे सारी नगरी दोन-अडीच तासांत डोळ्यांखालून जाते.

महाराष्ट्रातील माणसाला या प्रवासात परकेपणा वाटत नाही. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट, बालाजी घाट ही नावे एकामागून एक येतात. सध्याचे विश्वनाथ मंदिर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारले. २०२१ च्या डिसेंबरात खुल्या झालेल्या विश्वनाथ धामामुळे आता गंगेच्या तीरावरून थेट मंदिरापर्यंत प्रशस्त मार्गाने जाता येते. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थिरावलेल्या घराण्यातील. एकनाथ महाराजांनी आपले भागवत १५७३ साली पूर्ण केले तेही येथेच. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या परिसरांत मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. कार्तिकात पंचगंगा घाटावर उंच वेळूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदीप टांगतात. ते दृश्य पाहण्यासाठी संध्याकाळी तेथे अवश्य थांबावे.

याच नदीकाठी सुश्रुतांच्या शारीरस्थानाची आठवण होणे स्वाभाविक होते. शवविच्छेदनासाठी शरीर मुंज, वल्कल, कुश अशा द्रव्यांनी वेष्टून पिंजऱ्यात ठेवावे, संथ वाहणाऱ्या नदीत एकांत जागी सात रात्री राहू द्यावे आणि मग वाळा, केस किंवा वेळूच्या कुंचीने हळूहळू घासत त्वचेपासून आतील प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा, असा तो विधी आहे. नदीचे नाव ग्रंथात नाही. पण शास्त्र वाचून जाणणे आणि प्रत्यक्ष पाहून जाणणे या दोहोंची जोड असल्याखेरीज ज्ञान वाढत नाही, हा आग्रह तेथे स्पष्ट आहे. काशीच्या आचार्यांचे हे पहिले वचन मानावे, असे आम्हांस वाटते.

गांग जल आणि गंगाजल

दुसऱ्या दिवशी सकाळी दशाश्वमेध घाटावर एक प्रश्न निघाला, आणि पुढील सर्व दिवस तोच आमच्या चर्चेचा विषय झाला. आमच्यातील एका फार्मसीचालकांनी मोठे डबे बरोबर आणले होते. ते आमच्या ज्येष्ठ वैद्यांना म्हणाले, "नाना, हे पाणी आपल्या आसवात वापरले, अन् वेष्टनावर तसे छापले, तर लोक श्रद्धेने घेतील. यात गैर काय?"

नाना लगेच काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी उलट विचारले, "शेठ, सुश्रुतांनी गांग जल कशाला म्हटले आहे, आठवते का?"

सुश्रुतांच्या द्रवद्रव्यविधि अध्यायातील तो भाग सर्वांनी शिकलेला असतो, परंतु परीक्षेनंतर तो सहसा कोणी उघडत नाही. आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे धार, कार, तौषार आणि हैम असे चार प्रकार सांगून धारजलाचे गांग आणि सामुद्र असे दोन भेद केले आहेत. म्हणजे येथे गांग हा शब्द नदीच्या पाण्यासाठी नसून उत्तम पर्जन्यजलासाठी आहे. हे पाणी ओळखायचे कसे? न आंबलेल्या, न करपलेल्या साळीच्या भाताचा पिंड चांदीच्या भांड्यात ठेवून पाऊस पडत असताना बाहेर ठेवावा. एक मुहूर्त, म्हणजे सुमारे ४८ मिनिटे, तो जसाच्या तसा राहिला तर ते पाणी गांग जाणावे. रंग बदलला, शिते चिकटली, तर ते सामुद्र. ते घेऊ नये. ज्या शब्दात साक्षात गंगेचे नाव आहे, त्या पाण्यालासुद्धा आचार्यांनी भाताच्या पिंडापुढे उभे केले. नाव पुरेसे मानले नाही.

नदीच्या पाण्याबाबतही संहिता अशाच सावध आहेत. हिमालयातून निघून पाषाणांवर आपटत, घुसळत येणारे पाणी चरकांनी पथ्यकर म्हटले. सुश्रुतांनी मात्र हिमालयोद्भव नद्यांचे पाणी हृद्रोग, शोथ, शिरोरोग, श्लीपद, गलगंड यांना कारण सांगितले. वरवर विरोधी वाटणाऱ्या या दोन मतांचा मेळ वाग्भटांनी घातला आहे. हिमालय व मलय पर्वतांतून येणाऱ्या त्याच नद्या वाहत्या असता पथ्यकर आणि त्याच स्थिर झाल्या असता कृमी, श्लीपद आणि हृदय, कंठ व शिर यांचे रोग उत्पन्न करणाऱ्या होत. नदी तीच, उगम तोच, नावही तेच. वाहणे थांबले की गुण बदलला. धरणे, कालवे आणि उपसा यांमुळे ज्या नदीचा प्रवाह क्षीण झाला आणि जिच्यात शहरांचे सांडपाणी मिसळले, तिच्याविषयी वाग्भटांचा निर्णय काय असता, हे निराळे सांगावयास नको.

गंगाजलाच्या गुणांविषयी आधुनिक काळातही निरीक्षणे झाली आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली गंगा व यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू नाश पावतात असे प्रसिद्ध केले. पुढे १९१७ साली फेलिक्स देरेल यांनी जंतूंना मारणाऱ्या जीवाणुभक्षक विषाणूंची माहिती मांडली, तेव्हा हॅन्किन यांच्या निरीक्षणाकडे पुन्हा लक्ष गेले. हॅन्किन यांनी पाहिला तो त्यांचाच परिणाम होता का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण एक गुण आढळला म्हणून त्याच पाण्यातील मैला, आतड्यांतील जंतू आणि कारखान्यांचे द्रव निरुपद्रवी ठरत नाहीत.

या विषयात आदर्श मानावा असा पुरुष काशीनेच दिला. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे अभियांत्रिकी प्राध्यापक होते. नित्य गंगास्नान करणाऱ्या या महंतांनी १९८२ साली संकटमोचन प्रतिष्ठान स्थापले आणि तुळसीघाटावरील प्रयोगशाळेत गंगेच्या पाण्याची तपासणी सुरू ठेवली. २०१३ साली त्यांचे निधन झाले. पाण्यात उतरून अर्घ्य देणारा आणि तेच पाणी नळीत घेऊन तपासणारा माणूस एकच होता, आणि त्या दोन कृतींत त्यांना विसंगती वाटली नाही. १९८६ साली गंगा कृती योजनेचा आरंभ वाराणसीतच झाला, २०१४ पासून नमामि गंगे कार्यक्रम सुरू आहे, आणि दिनापूर येथे रोज १४ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र २०१८ साली कार्यान्वित झाले. प्रयत्न मोठे आहेत. तरीही स्नानयोग्य पाण्याची कसोटी वेगळी आणि पिण्यायोग्य पाण्याची वेगळी. स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म जंतूंची इष्ट मर्यादा ५०० आणि कमाल मर्यादा २५०० आहे. पिण्याच्या पाण्यात ते आढळताच कामा नयेत.

आसवात पाणी उकळले जात नाही, हे फार्मसीचालकांना सांगण्याची गरज नाही. अरिष्टात निदान क्वाथ तरी होतो. म्हणूनच नानांचे उत्तर थोडक्यात असे होते : "घरच्या देवापुढे ठेवायला जरूर न्या. कारखान्याच्या दारातून आत जाताना मात्र ते नुसते पाणी आहे. इतर पाण्याची जी तपासणी, तीच याची." शेठजींनी एक लहान गडू भरला; डबे रिकामेच परत आले.

चिकित्सकांसाठीही यात बोध आहे. यात्रेहून आणलेले गंगाजल घरातील आजारी माणसास, तान्ह्या बाळास किंवा मरणासन्न वृद्धास देण्याची प्रथा आपल्याकडे घरोघर आहे. नातेवाईक वैद्यांना विचारतात, आणि श्रद्धा दुखावेल म्हणून आपण गप्प राहतो. वस्तुतः सुश्रुतांनी पाण्याचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे सहा प्रकारचे दोष सांगितले आहेत. गढूळ पाणी निवळण्यासाठी कतक म्हणजे निवळीच्या बीपासून वस्त्रापर्यंत सात साधने दिली आहेत. दूषित पाणी अग्नीवर उकळावे, उन्हात तापवावे, किंवा तापलेला लोहपिंड वा वाळू त्यात विझवावी, असेही सांगितले आहे. तेव्हा "गंगाजल द्या, पण उकळून, गार करून द्या" हे सांगणे आचार्यांच्या आज्ञेतच बसते. अशक्त रुग्णाच्या बाबतीत ते न सांगणे हा आपल्या कर्तव्यातील दोष होय.

विश्वविद्यालयातील क्षारसूत्र

मदनमोहन मालवीय यांनी १९१६ साली स्थापन केलेले काशी हिंदू विश्वविद्यालय हे वैद्याच्या काशीयात्रेतील दुसरे तीर्थ. येथे १९२७ पासून आयुर्वेद महाविद्यालय होते. पुढे अनेक स्थित्यंतरांनंतर १९७१ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस झाली आणि आयुर्वेद व आधुनिक वैद्यक एका छत्राखाली आले. येथेच आयुर्वेद शिकून पुढे आधुनिक शल्यशास्त्रात नाव मिळवलेले डॉ. के. एन. उडुपा, द्रव्यगुणाचे आचार्य प्रियव्रत शर्मा, शल्यतंत्राचे डॉ. पी. जे. देशपांडे ही नावे आपल्या पिढ्यांना परिचित आहेत.

नाडीव्रणात कृश, दुर्बल, भित्र्या रुग्णांना आणि मर्माश्रित नाडीत शस्त्र न वापरता क्षारसूत्राने छेदन करावे, असे सुश्रुत सांगतात. चक्रदत्तात स्नुहीक्षीर आणि हळद यांनी भावित सूत्राचा उल्लेख आहे. तरीही ग्रंथातील ही दोरी व्यवहारातून जवळजवळ लोपली होती. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा रुग्णशय्येपाशी आणली, आणि आणताना तिला निश्चित मोजमाप दिले. लिनन धाग्यावर स्नुहीक्षीराचे ११, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे ७ आणि स्नुहीक्षीर व हरिद्राचूर्णाचे ३, असे एकूण २१ लेप. दर आठवड्याला सूत्र बदलणे, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या मार्गाची लांबी मोजून एक सेंटिमीटर छेदनास किती दिवस लागले याची नोंद ठेवणे, ही शिस्तही त्याचाच भाग.

पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदरावर अनेक केंद्रांत क्षारसूत्र आणि शस्त्रकर्म यांची यदृच्छया विभागणीने तुलना केली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने व्रण भरण्यास सरासरी ८ आठवडे लागले, शस्त्रकर्माने ४. परंतु पुनरुद्भव क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रकर्मात ११ टक्के आढळला. यातील पहिला आकडा आपल्या बाजूचा नाही, तोही तेथे तितक्याच स्पष्टपणे छापला गेला. म्हणूनच दुसऱ्या आकड्यावर जगाने विश्वास ठेवला. आज आपल्या गावातील रुग्ण क्षारसूत्रासाठी निःशंकपणे येतो. सूत्राचे नाव प्राचीन आहे एवढ्यावर हा विश्वास मिळालेला नाही.

ग्रंथांची गल्ली आणि औषधींचा बाजार

आपल्या कपाटातील निम्म्या ग्रंथांवर ज्या गल्लीचा पत्ता छापलेला असतो, ती गोपाळमंदिर गल्ली पाहण्याची आम्हां सर्वांनाच उत्कंठा होती. १८९२ साली स्थापन झालेल्या चौखंबा संस्कृत सीरीजने आणि तिच्यातून विस्तारलेल्या प्रकाशनसंस्थांनी आयुर्वेदाचे ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती सातत्याने ठेवले. येथे मुंबईचे ऋण आवर्जून सांगावेसे वाटते. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी अनेक हस्तलिखितांचे पाठ ताडून सिद्ध केलेल्या चरक-सुश्रुतांच्या सटीक आवृत्त्या मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने छापल्या. पंडित हरिसदाशिवशास्त्री पराडकरांनी संपादिलेले अष्टांगहृदयही तेथलेच. त्या आवृत्त्यांची पुनर्मुद्रणे काशीतून झाली आणि ती आजही प्रमाण मानली जातात. ग्रंथ ऋषिप्रणीत असला तरी हाती आलेला पाठ शुद्ध आहे की नाही, हे ताडून पाहावे लागते. ही परंपराही परीक्षेचीच.

गोला दीनानाथ हा काशीचा मसाल्यांचा आणि किराणा जिनसांचा घाऊक बाजार. तेथील वासानेच आमच्या फार्मसीचालकांची पावले रेंगाळली. परंतु दूरच्या बाजारात नावावर खरेदी करणे किती जोखमीचे, हे अनुभवी खरेदीदार जाणतातच. ब्राह्मी मागावी तर कोठे बाकोपा मिळते, कोठे सेंटेला. आपल्या महाराष्ट्रातही परसातील ब्राह्मी म्हणजे बहुधा मंडूकपर्णीच असते. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया, बंगालकडे वांडा, दक्षिणेत कुलिंजनाची जात. शंखपुष्पीच्या नावाने केरळात गोकर्णी वापरतात. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने ब्राह्मी म्हणजे बाकोपा, रास्ना म्हणजे प्लुचिया आणि शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्होल्व्ह्युलस असे निश्चित केले आहे. तेव्हा पोते उघडण्यापूर्वी नमुना घ्यावा, ओळख पटवून घ्यावी, मगच सौदा करावा. व्यापाऱ्यावरील अविश्वास म्हणून नव्हे. एकच नाव चार प्रांतांत चार वनस्पतींना लागते म्हणून.

परतण्यापूर्वी आम्ही दारानगर भागातील महामृत्युंजय मंदिरात गेलो. तेथील विहिरीत धन्वंतरींनी औषधी टाकल्या, अशी लोकश्रद्धा आहे. आम्ही हात जोडले, तीर्थ मस्तकी लावले. श्रद्धेला तिचे स्थान आहे आणि वैद्याने ते हिरावून घेऊ नये. मात्र रुग्णाच्या मुखात जाणाऱ्या द्रव्याची जबाबदारी श्रद्धेवर ढकलण्याचा अधिकार वैद्याला नाही.

काशीस जाऊ इच्छिणाऱ्या व्यवसायबंधूंसाठी काही सूचना. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस थेट वाराणसीस जाते. शरद व हेमंत हे ऋतू सुखकर. श्रावणी सोमवार आणि कार्तिकी पौर्णिमेची देवदीपावली या काळात गर्दी फार असते, निवासाची व्यवस्था आधी करावी. चार दिवस हाताशी असावेत : एक क्षेत्रासाठी, एक विश्वविद्यालयासाठी, एक ग्रंथांसाठी आणि एक बाजारासाठी. विश्वविद्यालयातील विभागांना भेट द्यावयाची तर पूर्वी पत्र पाठवून अनुमती घ्यावी. प्रवासात पाणी उकळलेलेच प्यावे.

आमच्यातील तीनही फार्मसीचालकांनी परतल्यावर आपापल्या निर्मितीच्या पाण्याचा आणि ब्राह्मी, रास्ना, शंखपुष्पी या तीन द्रव्यांचा नमुना तपासणीस पाठवला आहे. इतर सभासदांनीही आपल्याकडील पाण्याची आणि या तीन द्रव्यांची तपासणी करून घ्यावी, आणि अहवाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो आपल्या त्रैमासिकाकडे पाठवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.